१९६२ सालचं गाव आज पडद्यावर आणताना निरागसपणा कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यातल्या एका गावात, १९६२ साली घडणारी तीस मिनिटांची संगीतमय फिल्म तुम्ही मित्रांनी मिळून केली. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, त्याच वयाची मुलगी, ग्रामपंचायतीतला रेडिओ, चार गाणी आणि दिवाळीत शेवट. कंदील, जातं, बैलगाडी, नऊवारी, सगळं जमवलं, चित्राला पिवळसर रंग दिला. तरी पाहणारे म्हणतात, "छान आहे, पण प्री-वेडिंग वाटतंय." आणि तुम्ही विचारताय की नंतरच्या काळातले संगीतमय चित्रपट आधीच्या काळाचा निरागसपणा कसा आणतात, आणि आपल्याकडं काय कमी पडलं.

वर्णनावरून तरी कमी काही पडलेलं दिसत नाही, उलट जास्त झालंय. निरागसपणा सामान जमवून येत नाही. १९६२ सालच्या कुठल्याच माणसाला आपण निरागस काळात राहतोय असं वाटत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं तो सगळ्यांत नवा काळ होता. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालेली, नवे पैसे येऊन पाच वर्षं झालेली, पंचायतीत रेडिओ आलेला. निजामाचं राज्य जाऊन चौदाच वर्षं झालेली, म्हणजे तुमच्या नायकाच्या बापानं ते स्वतः पाहिलेलं. अशा माणसाच्या हातात कंदील दिला की तो कंदील कौतुकानं बघत नाही. काच काळी झाली म्हणून वैतागतो, राखेनं पुसतो. तुमची पात्रं आपल्याच घरातल्या वस्तूंकडं पाहुण्यासारखी बघत असतील, तर प्री-वेडिंगचा वास तिथूनच येतो.

माझ्या हिशोबानं निरागसपणा म्हणजे पात्राला काय माहीत नाही, एवढंच. प्रेक्षकाला पात्रापेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक असावी लागते, आणि चित्रपटानं ती बोलून दाखवायची नसते. २०१२ साली आलेल्या 'शाळा' चित्रपटात आणीबाणी मागं चालू असते. पोरांना तिचा अर्थ लागत नाही, आपल्याला लागतो, आणि त्या फटीतून त्यांचं कोवळेपण दिसतं. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त फाळक्यांना बायकांची कामं करायला बाई मिळत नाही, म्हणून पुरुषाला उभं करावं लागतं. हसू आपल्याला येतं, पडद्यावरची माणसं मात्र कामात गढलेली असतात. पात्रानं प्रेक्षकाकडं बघून डोळा मारला की संपलं. हे दोन्ही चित्रपट संगीतमय नाहीत हे मान्य, पण कसब तेच आहे. गाणं आलं की ते अवघड होतं एवढंच, कारण गाणं स्वभावानंच भावना बोलून दाखवतं.

आता एक गोष्ट तुमच्या निवडीवर अवलंबून आहे आणि ती मला प्रश्नावरून कळलेली नाही. ही आठवण आहे की वर्तमान? म्हणजे आज पंच्याहत्तरीला आलेला माणूस मागं वळून बघतोय, अशी चौकट आहे का? असेल तर थोडा मऊ उजेड, थोडी साखर, नीट न आठवणारे चेहरे, सगळं चालतं, कारण आठवण अशीच असते. चौकट नसेल, कथा थेट १९६२ मध्ये सुरू होत असेल, तर यातलं काहीही चालत नाही. बहुतेक फसलेल्या फिल्मा या दोहोंच्या मध्ये लटकतात. गोष्ट वर्तमानातली आणि रंग आठवणीचा.

नंतरच्या चित्रपटांनी काय केलं ते पाहू. हॉलिवूडचा 'सिंगिंग इन द रेन' १९५२ चा, गोष्ट १९२७ ची, मूकपट जाऊन बोलपट येतानाची. त्यातली बरीच गाणी नव्यानं लिहिलेली नाहीत, १९२९ पासूनच्या जुन्या चित्रपटांतली आहेत, शीर्षकगीतसुद्धा. पण वाद्यमेळ आणि रेकॉर्डिंग मात्र १९५२ चं, गुळगुळीत. त्यातली गंमत अशी की दुसरीच्या आवाजावर मिरवणाऱ्या नटीची फजिती ही त्याची गोष्ट, आणि खऱ्या आवाजाच्या नायिकेला एका गाण्यात प्रत्यक्ष आवाज दिलाय तिसऱ्याच गायिकेनं. म्हणजे तिथला भाबडेपणा शंभर टक्के बनवलेला आहे. तरी तो पटतो, कारण त्या मंडळींना ध्वनिमुद्रण नीट कसं करायचं हे येत नाही. माइक कुठं लपवायचा, इथून त्यांची तारांबळ सुरू होते, आणि ती तांत्रिक तारांबळ आपल्याला खरी वाटते.

'ग्रीस' १९७८ चा, गोष्ट १९५८-५९ ची. तिथं उलट केलं. शीर्षकगीत 'बी जीज' या डिस्को गाजवणाऱ्या गटातल्या बॅरी गिबचं, उघडउघड १९७८ च्या कानाचं. शाळकरी पोरांच्या भूमिकेत २८ वर्षांची नायिका आणि तिच्याहून मोठी मैत्रीण. पहिल्या पाच मिनिटांतच चित्रपट सांगून टाकतो की हे सोंग आहे, सोंग म्हणून बघा. मग कोणी वय मोजत बसत नाही. तुम्हाला हा रस्ता बंद आहे असं नाही, पण मग पहिल्या गाण्यापासून तसं जाहीर करावं लागतं. तीन गाणी जात्या-मृदंगाची आणि चौथं ड्रम-बेसचं, असं केलं की ते चुकल्यासारखं दिसतं.

मराठीत 'बालगंधर्व' (२०११) पहिल्या, म्हणजे जुनंच गाणं आणण्याच्या पंथातला म्हणता येईल. आनंद भाटे यांच्या गळ्यातून ती गायकी शक्य तितकी जवळून आणली. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, अभिषेकीबुवांच्या चालींचं. २०१५ च्या चित्रपटात त्या चालींसोबत शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. दोन्ही चालले, कारण दोघांनीही आपला करार पहिल्या काही मिनिटांत पक्का केला. 'नटरंग' (२०१०) मला तुमच्या कामाचा जास्त वाटतो. त्यातल्या गुणा या नायकाचं तमाशाचं वेड निर्मळ आहे, पण भोवतालचा काळ अजिबात निर्मळ नाही. कठीण जमिनीवर ते वेड उठून दिसतं. गावच मुळात गोडगोड दाखवलं असतं तर गुणा नुसता भोळा दिसला असता.

आता तुमच्या फिल्मकडं येतो, आणि आधी सगळ्यांत मोठी चूक सांगतो, जी अजून कोणी दाखवली नसावी. साल १९६२ आणि शेवट दिवाळीत. चीनशी युद्ध सुरू झालं २० ऑक्टोबर १९६२ ला, थांबलं २१ नोव्हेंबरला, आणि त्या वर्षीची दिवाळी बरोबर मध्ये आली. त्या दिवसांत पंचायतीच्या रेडिओभोवती जमलेली माणसं प्रेमगीत ऐकायला जमलेली नव्हती. यावर दोन उपाय आहेत. एक, साल १९६१ करा आणि मोकळे व्हा. दुसरा, सालाचाच वापर करा. चित्रपटभर ज्या रेडिओतून गाणी आली, त्याच रेडिओतून शेवटी बातम्या येतात. पोराला फक्त एवढंच कळतं की आज गाणं लागलं नाही. मोठी माणसं का गप्प झाली हे त्याला कळत नाही, प्रेक्षकाला कळतं. वर म्हटलेली फट तुम्हाला आयती मिळालीय, एकही संवाद न लिहिता.

आणि पहिला उपाय घेणार असाल तर दिवाळीचा हट्टही सोडा असं सुचवीन. तुम्ही औशाचे, म्हणजे येळवस तुमच्या हाताशी आहे. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या जेवढी लातूर-धाराशिवकडं साजरी होते तेवढी बाकी महाराष्ट्राला माहीतही नाही. सगळं गाव रानात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मडक्यातलं आंबील, भज्जी, उंडे. दिवसाचा उजेड, त्यामुळं दिवाबत्तीचा प्रश्न नाही. पोरं मोकळी सुटलेली, एका रानातून दुसऱ्या रानात जेवायला जाणारी, त्यामुळं दोघांची भेट घडवायला वेगळं निमित्त नको. दिवाळीच्या पणत्या कुठल्याही फिल्ममध्ये बघायला मिळतात.

फक्त रान तपासून घ्या. आज तिकडं सोयाबीनची काढणी झालेली रानं, हरभरा आणि ऊस दिसतो. सोयाबीन १९६२ मध्ये नव्हतंच. संकरित ज्वारीही नव्हती. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, आणि पोरं त्यात दिसेनाशी होतात. हा लपंडाव तुमच्या दृश्यांना फार उपयोगी आहे. एखाद्या शेतकऱ्यानं मालदांडी पेरली असेल तर तिथं जा. बांधावर गाजर गवत असेल तर उपटून काढा, गावोगाव पसरलं ते नंतर. निलगिरी आणि सुबाभूळ चौकटीबाहेर ठेवा. आणि पाटी दाखवली असेल तर बघा, 'जि. लातूर' लिहिलंय का? लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. १९६२ मध्ये औसा उस्मानाबाद जिल्ह्यात.

आता आवाज. माझ्या मते तुमची फिल्म इथं सावरेल किंवा बुडेल, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

गावातले आवाज आणि रेडिओतले आवाज ही दोन वेगळी घराणी समजा आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. पात्रं स्वतः गातात ते गावात जे आहे त्यावर, म्हणजे जातं, टाळ, मृदंग, एकतारी, संबळ, फार तर देवळातली बाजाची पेटी. व्हायोलिनचा ताफा, सतार, क्लॅरिओनेट हे फक्त रेडिओतून यायचं. प्रेक्षकाला शब्दात सांगावं लागत नाही, पण कानाला कळतं की या पोरांसाठी रेडिओ म्हणजे दुसरं जग आहे. तुमच्या पहिल्याच गाण्यात शेतातली मुलगी गातेय आणि मागं सिंथचा पॅड, म्हणजे सिंथेसायझरचे लांबवलेले सूर, पसरलाय, असं तुम्हीच लिहिलंय. तिथंच ते दुसरं जग फुकट वाटून टाकलं. मग रेडिओ आल्यावर नवल कशाचं?

रेडिओबद्दल थोडं. वीज नसलेल्या गावात तो बॅटरीवर चालणारा, व्हॉल्व्हचा म्हणजे काचेच्या नळ्यांचा संच असणार, ट्रान्झिस्टर नाही. छपरावर दोन बांबूंत ताणलेली तांब्याची तार, तिथून खाली आलेली एरियल. बॅटरी विटेएवढी जाड आणि महाग, त्यामुळं रेडिओ दिवसभर वाजत नाही. ठरलेल्या वेळी लावतात, माणसं येऊन बसतात आणि ऐकतात. काम करता करता मागं रेडिओ चालू, हे दृश्य नंतरच्या ट्रान्झिस्टरच्या जमान्यातलं आहे. विजेचा व्हॉल्व्ह रेडिओ दाखवणार असाल, समजा औशातल्या एखाद्या दुकानातला, तर तो बटण दाबताच बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद लागतात. बॅटरीचा संच त्यामानानं लवकर बोलतो. ही वीस सेकंदांची वाट बघणं हे दृश्य म्हणून सोनं आहे, कापू नका.

गाणं ऐकायचं तर रेडिओ सिलोन किंवा १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती. सिलोन शॉर्टवेव्हवर, बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. शॉर्टवेव्हचा आवाज एका पातळीवर राहत नाही, काही सेकंदांत फुगतो, ओसरतो, मध्येच शिट्टी घुसते. तुम्ही त्यावर रेकॉर्डची खरखर लावलीय, ती काढा. रेडिओची खरखर आणि तबकडीची खरखर वेगळी. तबकडी कुठं दाखवलीच, तर लक्षात ठेवा की ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचा ओरखडा साधारण पाऊण सेकंदानं टक् करतो. तयार इफेक्टमधला बहुतेक वेळा ३३ फेऱ्यांच्या एल.पी.चा असतो, तो जवळपास पावणेदोन सेकंदांनी येतो. जुन्या माणसाच्या कानाला हे लगेच खटकतं, कारण सांगता येत नाही एवढंच. गाण्याची लांबीही तबकडीनं ठरवलेली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मावतं. तुमचं साडेपाच मिनिटांचं 'रेडिओवरचं गाणं' त्यात बसत नाही.

करायचं कसं: गाणं आधी नीट मिक्स करा, पण मोनो. मग २०० हर्ट्झच्या खालचं आणि ४,००० च्या वरचं कापा. हे संगणकावर केल्यावर तिथं थांबू नका. चार-पाच इंची साधा स्पीकर लाकडी खोक्यात बसवा, ज्या खोलीत दृश्य आहे तिथं ठेवा, गाणं वाजवा आणि सहा-सात फुटांवरून पुन्हा रेकॉर्ड करा. मातीच्या भिंती आवाज पितात, माळवदाखालच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताखालच्या खोलीत घुमत नाही. संगणकातला कुठलाही रीव्हर्ब, म्हणजे खोलीच्या घुमण्याचा इफेक्ट, हे देत नाही. कॅमेरा ओसरीत गेला की माइकही ओसरीत न्या आणि वेगळा टेक घ्या. नंतर फक्त आवाज बारीक केला की तो लांबचा वाटत नाही, बारीक केलेलाच वाटतो.

जात्यावरची ओवी तुम्ही क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठेक्यावर रेकॉर्ड केलीय आणि ऑटोट्यून लावलाय. ही दुसरी मोठी चूक. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यांनी ठरते. दाणे वैरताना हात क्षणभर रेंगाळतो, तिथं ओळही रेंगाळते. दम लागला की शेवटचं अक्षर गिळलं जातं. चाल चार-पाच सुरांत फिरते, आणि ते सूर पेटीच्या पट्टीवर तंतोतंत बसत नाहीत. ऑटोट्यूननं त्यांना पट्टीवर बसवलं की बाई गायिका होते आणि जातं शोभेचं होतं. ओवी प्रत्यक्ष जात्यावर, खरी ज्वारी दळताना, जागेवरच रेकॉर्ड करा. रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज येतो आणि हाताला भार नसल्यानं लय पळते. माइक गाणारीच्या तोंडापासून अडीच-तीन फुटांवर, जात्याच्या पातळीपेक्षा वर. दोघी समोरासमोर असतील तर एक ओळ एकीनं, पुढची दुसरीनं.

यात एक अडचण येतेच. दोन टेकची लय जुळत नाही, त्यामुळं एकातून दुसऱ्यात कापता येत नाही. म्हणून दोन कॅमेरे लावा आणि अख्खी ओवी एका दमात घ्या. दुसरा कॅमेरा नसेल तर एकच लांब टेक ठेवा. तिथं कापाकापीची गरज फार कमी असते. काम संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा तीस सेकंदांचा नुसता आवाज घ्या. तो नसला तर जोडणीच्या प्रत्येक जागी खड्डा पडतो. आणि हो, मोटारीचा पंप दूरवर चालू असेल तर थांबा. उसाच्या रानातला पंप आज आपल्याला ऐकूच येत नाही इतका सवयीचा झालाय, माइकला मात्र येतो.

भजनाचं वेगळं. तिथंही लय एकसारखी ठेवली की खोटं वाटतं, कारण भजन संथ सुरू होतं आणि टाळ चढत जातात. शेवट सुरुवातीच्या कितीतरी पुढच्या लयीत होतो. टाळकरी सगळे माइकजवळ बसवले तर शब्द बुडतात. जुन्या पद्धतीनं अंतरावर मांडा: मुख्य गाणारा तीन फुटांवर, मृदंग सहा-सात फुटांवर आणि थोडा आडवा, टाळ त्यामागं दहा-बारा फुटांवर, पेटी बाजूला. तुमच्या औशातच चक्री भजनाची परंपरा जिवंत आहे, तेव्हा वारकरी पोषाख भाड्यानं आणून मॉडेल उभे करू नका. बसून ऐका, परवानगी घ्या, त्यांनाच गाऊ द्या. तुळजापूर जवळ, म्हणजे आराधी गाणी आणि संबळाचा गोंधळही आवाक्यात आहे. रात्रीचं दृश्य असेल तर गॅसबत्तीचा सूं असा आवाज सगळ्या गाण्याखाली राहील. तो साफ करू नका.

चित्राबद्दल थोडक्यात. पिवळा रंग काढा. १९६२ मधल्या माणसाला जग पिवळं दिसत नव्हतं. पिवळे पडलेत ते नंतर आपल्याला मिळालेले फोटो. मराठवाड्याचं दुपारचं ऊन पांढरं आणि कडक असतं, सावल्या काळ्या. तेच ठेवा. पिवळेपणा हवा तिथं कंदील आणि चिमणीतून आपोआप येतो, आणि बाकी चित्र पांढरं असलं तरच तो जाणवतो. ड्रोन काढा. त्या काळी गावानं स्वतःला वरून कधी पाहिलेलं नाही, उंचात उंच म्हणजे माळवद, वेस आणि औशाच्या किल्ल्याचा बुरूज. तिथून जेवढं दिसतं तेवढं दाखवा. स्लो मोशन आणि मागचं सगळं धूसर करणारी लेन्स, या दोन गोष्टींनी प्री-वेडिंग होतं. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स घ्या, तिचं छिद्र (अपर्चर) ५.६ ते ८ च्या दरम्यान ठेवा, म्हणजे मुलीमागं दळणारी आजीही स्पष्ट दिसेल. १९६२ च्या गावात दोन पोरं एकटी नसायचीच, कोणी ना कोणी बघत असायचं. मागचं जग धूसर केलं की तो धाक जातो, आणि धाक गेला की चोरटी नजरही जाते.

घर मिळत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं औसा-उमरगा पट्ट्यातली दगड-मातीची माळवदी घरं गेली आणि गावं नव्या जागी बसली. सिमेंटच्या घराला शेण फासून भागत नाही, कोपरे फार सरळ असतात आणि भिंत फार पातळ. बीड-परभणीकडं अजून ढेलज, ओसरी, बळद असलेले वाडे उभे आहेत, दोन दिवस तिकडं घालवा. फक्त तिकडची स्थानिक माणसं बोलायला घेतलीत तर बोलीकडं लक्ष ठेवा. औशाकडं "काय करालाव?" म्हणतात, बीडकडचं "मपलं-तपलं" तुमच्या गावात कानाला लागेल. म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी हाली, म्हणजे निजामाचा रुपया, आणि कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, येऊ द्या. हाली बंद झाला होता, पण सात हालीला सहा कलदार हा हिशोब डोक्यातून गेलेला नव्हता. निजामाच्या काळात शिकलेला आजोबा उर्दू वाचतो, मराठी अडखळत वाचतो, आणि नातू नेमका उलटा. याच्यावर एक अख्खं गाणं होऊ शकतं, आणि ते तुमच्याखेरीज कोणी करणार नाही.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण टाळता येणार नाही. तुमच्या विहिरीवरच्या गाण्यात सगळ्या गावच्या बायका एकत्र पाणी भरताना नाचतात. १९६२ मध्ये असं कुठल्या गावात होत होतं? काहींना वरून ओतलेलं पाणी घ्यावं लागत होतं. हे दाखवलं तर निरागसपणा जाईल, अशी भीती असते. पण गावाच्या निरागसपणाच्या नावाखाली हे लपवलं तर तो निरागसपणा कोणाचा, असा प्रश्न प्रेक्षकातला निम्मा मराठवाडा विचारेल. भाषण नको. पोराच्या नजरेनं दाखवा: बाई ओंजळ खाली धरते, वरून पाणी पडतं, पोरगा ते बघतो आणि त्यात त्याला वेगळं काहीच वाटत नाही. निरागसपणाची ही दुसरी बाजू आहे, आणि ती टोचते. त्याच गावच्या दुसऱ्या टोकाला त्या वर्षी काय गायलं जात होतं तेही शोधा. धर्मांतराला सहा वर्षं झाली होती, भीमगीतं आणि जलसे जोरात होते. तो आवाज तुमच्या चार गाण्यांत नाही. माझं मत विचाराल तर नव्या युगाची आशा त्या वर्षी त्याच गाण्यांत सगळ्यांत जास्त होती.

पुन्हा सगळं शूट करायला पैसे नसतील, तर या क्रमानं करा. आधी रंग आणि ड्रोन, कारण ते फुकटात निघतं. मग चारही गाण्यांतून पॅड आणि ऑटोट्यून काढून नुसता कच्चा आवाज ऐका, एखाद-दुसरं तसंच चालेल असं निघू शकतं. मग रेडिओचं गाणं खोक्यातून पुन्हा रेकॉर्ड करा, एका दुपारचं काम आहे. ओवी मात्र नव्यानं घ्यावीच लागेल. विहिरीचं दृश्य आणि शेवट पुन्हा शूट करा, तीन दिवस धरा, आणि येळवसेच्या आसपास धरा म्हणजे ज्वारी उभी मिळेल.

झाल्यावर चित्र बंद करून फक्त आवाज सत्तरीपुढच्या चार-पाच बायकांना ऐकवा आणि दोनच प्रश्न विचारा: महिना कुठला, आणि जात्यात काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या आवाजावरून देतात. त्यांनी "काहीच नाही, रिकामं फिरवलंय" असं सांगितलं, तर ओवीचा आणखी एक दिवस धरा.